सातवी क्लिप

गेल्या एप्रिलचा तिसरा शनिवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. ठरलेली रक्कम तीन हजार दोनशे पन्नास. त्यात पंख्याची मोटर दोन हजार तीनशे आणि मजुरी साडेनऊशे. हजर माणसं चार: कांबळेबाई, त्यांचे यजमान कांबळेसाहेब, मुलगा सिद्धार्थ आणि मी. जागा माझं गॅरेज, स्वारगेटच्या मागच्या गल्लीत. आत तीन गाड्या मावतात. चौथी आली तर मी बाहेर उभा राहतो.

एवढं सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो, कारण पुढची हकिगत थोडी झोपेत घडल्यासारखी आहे. माझ्या बायकोचं तर म्हणणं असं की ती मी झोपेतच रचली.

मी एकतीस वर्षं गाड्या दुरुस्त करतो आहे. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे इंजिन. इंजिन लोखंडाचं असतं आणि लोखंड समजूतदार असतं. ते मोडायच्या आधी कुरकुरतं, अडतं, तुम्हाला विचार करायला वेळ देतं. प्लॅस्टिक तसं नाही. ते गप्प असतं, गप्प असतं आणि एकदम मोडतं. मोडल्यावर त्याचा आवाजही इतका बारीक असतो की गिऱ्हाइकाला ऐकू जात नाही. ऐकू जातो तो फक्त आपल्याला, आणि तोही बरेच दिवस.

ज्यांनी बॉनेट कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढे उभी जाळी दिसते तो रेडिएटर. त्याच्या मागे पंखा. पंख्याभोवती परातीएवढं काळ्या प्लॅस्टिकचं कडं असतं, त्याला श्राउड म्हणतात. बरणीत तेल ओतताना आपण नरसाळं धरतो, तेच काम हे कडं हवेसाठी करतं. पंख्याने ओढलेली हवा इकडेतिकडे न भटकता जाळीतूनच यावी, एवढंच. पंख्याची मोटर या कड्यावरच बसवलेली असते. म्हणून मोटर बदलायची तर आधी कडं काढायचं, आणि कडं धरून ठेवतात त्या क्लिपा.

क्लिप म्हणजे एक गुंडीच. करंगळीच्या नखाएवढं डोकं, खाली चार पाय आणि मधोमध एक खिळा, सगळं प्लॅस्टिकचं. खिळा आत दाबलेला असला की पाय फाकून भोकात घट्ट बसतात. खिळा वर आला की पाय मिटतात. तेव्हा पातळ पात्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, मधला खिळा दोन-तीन मिलिमीटर उचलायचा आणि मग गुंडी सरळ वर काढायची. वाकडी ओढली की पाय मोडला. हे समजायला पाच मिनिटं लागतात. जमायला मला नऊ वर्षं लागली.

कारण दहा-बारा वर्षं इंजिनाच्या धगीत बसलेलं प्लॅस्टिक पापडासारखं होतं. उचलायला गेलं की पाय मोडतो. कधी कड्याचा कानही मोडतो, म्हणजे ज्यात भोक असतं तो भाग. क्लिप नवी मिळते. कान मिळत नाही. नवं कडं घ्यावं लागतं आणि जुन्या गाडीचं कडं कंपनी बनवत नाही.

एका डिसेंबरात सकाळी साडेनऊला मी असाच एक कान मोडला. गृहस्थ शेजारच्या टपरीवर चहा घेत होते. मी तो कान वायर बांधायच्या पट्टीने आवळला, वर काळा रंग मारला आणि काही बोललो नाही. गाडी चालली. ते पुन्हा कधी आले नाहीत. कदाचित बदली झाली असेल, कदाचित दुसरा मेकॅनिक सापडला असेल. पण त्या मेकॅनिकने पट्टी पाहून काय म्हटलं असेल, हे मला अजूनही मधूनच ऐकू येतं.

दुपारची युक्ती मला कोणी शिकवली नाही. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद एकच्या ठोक्याला गॅरेज बंद करायचे. पाना नटाला अडकलेला असो, गिऱ्हाईक रडत असो, एक म्हणजे एक. एकदा वैशाखात एक गाडी बाहेर अंगणात अर्धी उघडी राहिली. सकाळभर तिच्या क्लिपांनी मला दाद दिली नव्हती. चारला येऊन पुन्हा हात लावला, तर उकडलेल्या शेंगेतून दाणा निघावा तशा त्या निघाल्या. मी उस्तादांना सांगायला गेलो.

"तीन तास उन्हात पडून तू मऊ झाला नसतास का?" ते म्हणाले, आणि पान लावू लागले.

त्यानंतर मी एक वही सुरू केली. सकाळी नऊ ते बारा: एकेचाळीस क्लिपा, अकरा मोडल्या. दुपारी चार ते सहा: अडतीस क्लिपा, एक मोडली, तीही मला शिंक आली म्हणून. पुढे नोंद थांबवली, कारण सकाळी क्लिपांना हात लावायचंच थांबवलं. पुण्यात दुपारी दुकानं बंद ठेवतात म्हणून सगळे हसतात. हसू द्यावं. मी मात्र एक ते चार गॅरेज बंद ठेवतो ते काम चालू असतं म्हणून. काम ऊन करत असतं.

तर कांबळेबाई.

पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या, वय त्रेसष्ट. गाडी पंधरा वर्षांची, चांदीच्या रंगाची, डॅशबोर्डवर पांढऱ्या दगडाची छोटी बुद्धमूर्ती. ही गाडी आधी कांबळेसाहेबांची. तेही सरकारी नोकरीतले, आणि गाडीची बारीकसारीक कामं स्वतः करणारे. पाच वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. तेव्हा बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्या साहेबांना व्यायामोपचारासाठी घेऊन जातात.

त्या दिवशी त्या आल्या आणि पर्स पोटाशी धरून म्हणाल्या, "मिस्त्री, आधी आमचा करार ऐका. मग हात लावा."

"आई, त्यांना कशाला सगळं?" सिद्धार्थ म्हणाला. हा खराडीला नोकरीला, वय पस्तीसच्या आसपास, पाठीवर लॅपटॉपची पिशवी.

"त्यांच्या हातात आहे म्हणून." बाई माझ्याकडे वळल्या. "गेल्या वर्षी दाराची कडी तुटली. मग आरसा. मग काच वरखाली करायचं हँडल. मी याला शब्द दिलाय, आता या गाडीचं आणखी काही मोडलं, तर गाडी भंगारात. मोटर झिजली ते ठीक, झिजणं वेगळं. मोडलं की संपलं."

"भंगारवाला बावीस हजार म्हणतोय," सिद्धार्थ म्हणाला, "आणि काका, मला व्हिलन करू नका. गेल्या महिन्यात उड्डाणपुलावर ही गाडी तापून बंद पडली. बाबा आत, बाहेर ऊन. मी मीटिंगमध्ये. फोन पाहिला तेव्हा पाऊण तास झाला होता. मी नवीन ऑटोमॅटिक घेऊन देतोय, तर नको."

"नव्या गाडीचं नाक मला दिसत नाही," बाई म्हणाल्या. "हिचं दिसतं. हिचे चारही कोपरे मला माहीत आहेत."

"मग कॅब कर."

"कॅबचं सांगू का तुला? यांना आत बसायला चार मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलंय. तुझा कॅबवाला दीड मिनिटाला हॉर्न वाजवतो. आठवड्यातून तीनदा, येताना-जाताना, माझ्या नवऱ्याला कोणी हॉर्न वाजवलेला मला चालणार नाही."

पुढच्या सीटवर कांबळेसाहेब समोर पाहत बसले होते. त्यांनी डाव्या हाताने डॅशबोर्डवरची धूळ पुसली.

मी बॉनेट उघडून पाहिलं. कड्याला क्लिपा सात: वर तीन, बाजूंना एकेक, खाली दोन. वरच्या पाच दिसत होत्या. खालच्या दोन पाण्याच्या नळीआड, त्या नुसत्या बोटांनी चाचपायच्या. सगळ्या मूळच्या वाटत होत्या, पंधरा वर्षांच्या. मी वरच्या एकीला नख लावून पाहिलं. टणक होती.

"चारला काढू," मी म्हणालो. "गाडी उन्हात लावतो."

सिद्धार्थने घड्याळ पाहिलं. "काका, गॅरेजला पण एक ते चार?"

"गॅरेजला नाही. क्लिपांना."

"बसू आपण," बाई म्हणाल्या. "तुला मीटिंग असेल तर जा."

"शनिवारी कसली मीटिंग?" तो म्हणाला, आणि बसला.

मी बॅटरीची तार सोडली, म्हणजे पंखा आपोआप फिरायला नको. पंख्याच्या वायरचा जोड सोडला. गाडी ढकलत अंगणात नेऊन तोंड दक्षिणेला करून लावली, बॉनेट पूर्ण उघडं. काळ्या प्लॅस्टिकवर ऊन सरळ पडलं. मग शटर अर्धं ओढलं.

आमच्या अंगणात बदामाचं झाड आहे. त्याखाली मी साहेबांसाठी आरामखुर्ची टाकली, बाईंना स्टूल, सिद्धार्थला जुन्या गाडीची काढून ठेवलेली मागची सीट. मी पोत्यावर आडवा झालो. घरून आलेल्या डब्यातल्या पोळ्या सगळ्यांनी वाटून खाल्ल्या होत्या. बाईंनी साहेबांना घास भरवला, तोंड पुसलं.

त्या तीन तासांचं मला नीट सांगता येणार नाही. दीडच्या सुमारास समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. तोवर ते चालू होतं हे थांबल्यावरच कळलं. एसटी डेपोतल्या कर्ण्यावरून गावांची नावं येत होती, सासवड, भोर, महाड, पण इतकी विरून की ती गावं नसून कुणाची तरी पाळण्यातली नावं वाटावीत. ऊन पांढरं झालं आणि नंतर त्याला रंगच उरला नाही. बदामाचं एक लाल पान खाली आलं, त्याला जमिनीवर पोचायला फार वेळ लागला.

अशा दुपारी झोप आणि जाग यांच्यामध्ये एक ओसरी असते. तिथे माझं आयुष्यातलं निम्मं काम झालं आहे. डोळे मिटलेले असतात आणि हात गाडीच्या आत असतात. मला ते कडं दिसत होतं, पण मोठं, विहिरीच्या तोंडाएवढं, आणि मी त्याच्या काठावर बसून आत पाय सोडले होते. काठावर सात गुंड्या. प्रत्येक गुंडीच्या आत काहीतरी सैल होत होतं, अगदी सावकाश, कुणी मूठ उघडावी तसं. मध्येच टक्क असा आवाज येई. तो स्वप्नातला की अंगणातला, मी ठरवू शकलो नाही. तापलं की प्लॅस्टिक असं बोलतं.

एकदा डोळे उघडले तर सिद्धार्थ झोपला होता, मांडीवर लॅपटॉप, त्याचा पडदा विझलेला. साहेबांची मान खांद्यावर कलली होती. बाई मात्र जाग्या होत्या. स्टुलावर ताठ बसून त्या गाडीकडे पाहत होत्या, आजारी माणसाच्या खोलीबाहेर बसतात तशा. मी पुन्हा डोळे मिटले.

चारला उठलो, तोंड धुतलं. हाताचा मागचा भाग कड्यावर ठेवून पाहिला. चटका बसला. ही वेळ. जास्त थांबलं तर बदामाची सावली येते.

सगळे उठून जवळ आले. साहेबांची खुर्चीही त्यांच्या हट्टाने बंपरपाशी आणली. मी स्टीलची वाटी रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर ठेवली. माझी पद्धत अशी, की क्लिप निघाली की वाटीत टाकायची आणि आकडा मोठ्याने म्हणायचा.

पहिली. खिळा उचलला, पाय मिटले, वर आली. "एक."

दुसरी, तिसरी तशाच. चौथीने थोडे आढेवेढे घेतले. मी स्क्रूड्रायव्हर तसाच धरून थांबलो. अशा वेळी जोर लावायचा नसतो, नुसतं हजर राहायचं असतं. ती आली. "चार."

"पाच," सिद्धार्थच म्हणाला. वाटीत टण्‌ झालं. त्याच्या कपाळावर घाम होता. मला वाटतं, गाडी भंगारात गेलेली त्याला हवी होती, पण क्लिप मोडलेली नको होती. या दोन गोष्टी एका माणसात मावतात.

सहावी खाली उजवीकडे. नळीआडून हात घातला, तर्जनीने डोकं शोधलं, अंगठ्याने पातं टेकवलं. खाली पाहायचंच नाही. मी नेहमी समोरच्या भिंतीकडे पाहतो, म्हणजे बोटांना दिसतं. "सहा."

सातवी खाली डावीकडे. डोकं लागलं, गोल, जरा उंच. वरून धूळ आणि तेलाचा थर. मधला खिळा चाचपला, सापडेना. थरात बुजला असेल असं वाटलं. इथे मी हात बाहेर काढून टॉर्च आणि आरसा घ्यायला हवा होता. पण सहा निघाल्या होत्या, ऊन उतरत होतं आणि तीन माणसांचे श्वास माझ्या मानेवर होते. मी पातं डोक्याखाली सरकवलं आणि उचललं.

कट्ट.

मी हात बाहेर काढला नाही. पण खोटं बोलायलाही सुचलं नाही. "मोडली," मी म्हणालो.

बाईंनी पर्स उघडली. गाडीची आणि घराची किल्ली एकाच कड्यात होती. गाडीची देऊन टाकायची म्हणून त्या घराची किल्ली कड्यातून फिरवून काढू लागल्या. नखं लहान होती, कडं घट्ट होतं, वेळ लागत होता.

"आई, राहू दे आत्ता," सिद्धार्थ म्हणाला.

"ठरलं ते ठरलं. तुमची चूक नाही, मिस्त्री. जुनं झालंय सगळं."

"चूक माझीच आहे," मी म्हणालो. "आरसा घ्यायला हवा होता." आणि निदान तुकडे तरी पंख्यात राहू नयेत म्हणून मी ते चिमट्याने बाहेर काढले. दोन होते. फडक्यावर घेऊन पुसले.

प्लॅस्टिक असं मोडत नाही. याला रेषा होत्या. बारीक, लांब, पिवळट. बांबू होता तो. वर गोल मण्यासारखं डोकं, आणि थर निघाल्यावर त्यावर पुसट आकडा: नऊ.

मी फडकं सिद्धार्थपुढे धरलं. त्याला काही कळलं नाही. बाई किल्ली सोडून पुढे आल्या, चष्मा वर केला, तो मणी दोन बोटांत धरला.

"ही माझी विणायची सुई आहे," त्या म्हणाल्या.

आणि तेव्हा बंपरपाशी खुर्चीत कसला तरी आवाज सुरू झाला. आधी मला वाटलं साहेबांना ठसका लागला. ते हसत होते. निम्मा चेहरा हलत नव्हता, उरलेल्या निम्म्याने ते दोन्ही बाजूंचं हसत होते.

"अहो!" बाई म्हणाल्या. "तुम्ही?"

"घाई," साहेब म्हणाले. मग दम घेऊन, "क्लिप… मोडली. घाई… होती."

"कधी? कधीची गोष्ट ही?"

त्यांनी डाव्या हाताची बोटं दाखवली. पाच आणि पुन्हा तीन.

"आठ वर्षं! अहो, या सुईपायी मी माझ्या धाकट्या जावेवर आळ घेतला. ती घरी राहून गेली आणि सुई गायब. दोन महिने फोन केला नाही मी तिला. आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात!"

साहेबांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. सिद्धार्थ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याने खिशातला रुमाल काढून ते पुसलं.

काम चोख होतं हे मला सांगायलाच हवं. सुईचा मण्याकडचा इंचभर तुकडा कापून, टोकाला चीर देऊन, चिरेत पाचर बसवली होती. आठ वर्षं ती पाचर हलली नव्हती. माझ्या हातालाही कळलं नाही.

"पण आई," सिद्धार्थ हळूच म्हणाला, "मोडलं तर आहेच ना काहीतरी."

"काय मोडलं?" बाई ताठ झाल्या. "मिस्त्री, तुम्ही सांगा. माझी बाजू घेऊ नका. आज गाडीचं काही मोडलं का?"

मी कडं सरळ वर उचलून बाहेर काढलं, उजेडात फिरवलं, सातही कान एकेक तपासले. वाटीतल्या क्लिपा मोजल्या. मग सांगितलं, "कडं शाबूत, कान सात, क्लिपा सहा, सगळ्या धड. गाडीची सातवी क्लिप आठ वर्षांपूर्वी मोडली, तुमच्या कराराच्या आधी. आज मोडली ती गाडी नाही. सुई आहे."

सिद्धार्थ वाटीकडे पाहत म्हणाला, "त्या भंगारवाल्याला मी पाचला बोलावलंय. त्याला काय सांगू?"

"सांग, नंबर चुकला."

त्याने फोन काढला, थोडा दूर गेला, आणि खरंच तसं काहीतरी बोलला. परत येऊन म्हणाला, "आई, उड्डाणपुलावर जायचं नाही. खालून जायचं."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि घराची किल्ली पुन्हा कड्यात सरकवू लागल्या. या वेळी किल्ल्यांचं कडं त्याने धरलं.

नवी मोटर बसवली, कडं जागेवर ठेवलं, सहा क्लिपा परत लावल्या. सातव्या जागी नवी क्लिप घातली, बारा रुपयांची. बॅटरीची तार जोडली, इंजिन सुरू करून तापू दिलं. पंखा आपोआप फिरू लागला, आवाज नाही, थरथर नाही. साहेबांनी तळहात जाळीपुढे धरला आणि बाईंना मान डोलावून सांगितलं. सहा वाजायला आले होते.

बाईंनी तीन हजार दोनशे बासष्ट रुपये मोजून दिले. मी आभार मानून हत्यारं आवरायला वळलो होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि सुईचं?"

"सुईचं काय?"

"कोणी मोडली?"

"मी. पण साहेबांनी ती आधीच कापली होती. मी उरलेली मोडली."

"म्हणून तर निम्मेच मागते. तुळशीबागेत जोडी एकशे ऐंशीला आहे. सुटी सुई मिळत नाही."

हिशेबात मला खोट काढता आली नाही. मी कांबळेबाईंना नव्वद रुपये रोख दिले. त्यांनी पन्नासची नोट उजेडाकडे धरून पाहिली, बाकीच्या तशाच पर्समध्ये ठेवल्या, आणि राहिलेले नव्वद घ्यायला हात साहेबांपुढे केला. साहेबांनी डाव्या हाताने शर्टाचा खिसा उलटा करून दाखवला. ते पैसे सिद्धार्थने भरले.